एडिनबऱ्याआधीचे तेवीस प्रेक्षक

प्रेक्षक तेवीस होते, त्यातले चौघे उशिरा आले. उत्तर लंडनमधल्या एका पबच्या माडीवरची चाळीस खुर्च्यांची खोली. जुलैचा दुसरा आठवडा, खिडक्यांवर काळे पडदे ओढलेले, त्यामुळे आत चांगलाच उकाडा. रंगमंच म्हणजे जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने आखलेला चौकोन. त्यात एक पत्र्याची ट्रंक, एक पाट आणि मूठभर कापूस. मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं लंडनमध्ये राहणारी एक अभिनेत्री हे एकपात्री नाटक ऑगस्टमध्ये एडिनबऱ्याच्या फ्रिंज महोत्सवात घेऊन निघाली आहे. नाटक इंग्रजीत, त्यातल्या आजीचं बोलणं तेवढं मराठीत. त्या संध्याकाळी तिचा तिसरा प्रिव्ह्यू होता, म्हणजे रीतसर सुरुवातीआधीचा चाचणी प्रयोग. दारावरच्या कागदावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि तिकीट होतं पाच पौंड.

तिसऱ्या रांगेत पुण्याहून लेकीकडे आलेले एक ज्येष्ठ दिग्दर्शक बसले होते. मुंबईच्या छबिलदास शाळेत नवी नाटकं होत त्या दिवसांत त्यांनी उमेदवारी केली, पुढे सगळं आयुष्य प्रायोगिक रंगभूमीवर काढलं. कॉलेजात असताना अभिनेत्री त्यांच्या शिबिराला गेली होती, तेव्हापासून ती त्यांना काका म्हणते. प्रयोग संपला, लोक खाली गेले, आणि दोघांचं जे सुरू झालं ते खाली शेवटच्या ग्लासांची घंटा होईपर्यंत चाललं. दोघांची नावं इथे नकोत. त्यांच्यातला वाद मात्र हवा, कारण लहानसं नाटक घेऊन महोत्सवाला निघणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी स्वतःशी घालावा लागतो.

"किती झालं?" काकांनी विचारलं.

"सदुसष्ट मिनिटं."

"आणि तिथे किती हवंय?"

"पंचावन्न. एक तासाचा स्लॉट आहे, त्यातच लोक आत येऊन बसायचे. मागचं नाटक उचलायला आणि माझं मांडायला मिळून वर पंधरा मिनिटं."

"म्हणजे बारा मिनिटं कापायची. अगं, मग घरी बसून कापायची होतीस. लोकांकडून पाच-पाच पौंड घेऊन त्यांच्यासमोर कच्चं पान कशाला वाढायचं? आमच्याकडे रंगीत तालीम व्हायची. चार जाणकार बोलवायचे, दरवाजा बंद करायचा, त्यांनी काय ते तोंडावर सांगायचं. मग शुभारंभाचा प्रयोग. तिकीट काढून आलेल्या माणसाला पुरं नाटक मिळालंच पाहिजे, यात मला तडजोड नाही."

"काका, जाणकारांची भीती वेगळी आणि परक्या माणसाची वेगळी. जाणकार आपल्याला समजून घेतात. परका माणूस घड्याळ बघतो."

काकांनी मग शब्दच धरला. मराठीत आपण शो म्हणत नाही, प्रयोग म्हणतो, हा त्यांचा मुद्दा. पहिल्या दिवशीही प्रयोग, शंभराव्या दिवशीही प्रयोग. करून बघणं त्या शब्दातच आहे. नट रोज थोडं बदलतो, जागा सापडत जातात, पंधरा-वीस प्रयोगांनी नाटक बसतं. मग 'हा अजून खरा नाही' असा वेगळा डाग लावून एखादी रात्र बाजूला काढायची गरज काय?

मुद्दा देखणा आहे, आणि मराठी रंगभूमीपुरता खराही. महाराष्ट्रात नाटक महिन्याला आठ-दहा प्रयोगांनी चालतं, कधी कमी, कधी जास्त. दोन प्रयोगांच्या मध्ये विचाराला दिवस मिळतात. पंचविसावा प्रयोग रौप्यमहोत्सवी म्हणून जाहिरातीत झळकतो, आणि तोवर नाटक खरोखर मुरलेलं असतं. अभिनेत्रीचं उत्तर याच आकड्यावर बेतलेलं होतं.

"तुमचा पंचविसावा प्रयोग म्हणजे नाटक बसल्याचा दिवस. एडिनबऱ्यात पंचविसाव्या प्रयोगाला मी गाशा गुंडाळते. तिथे मुरायला वेळच नाही. मुरलेलं घेऊनच जावं लागतं."

तिथलं गणित खरंच वेगळं आहे. १९४७ मध्ये एडिनबऱ्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन उभ्या राहिल्या आणि मिळेल त्या जागेत खेळ केले. महोत्सवाच्या कडेकडेने चाललेलं ते काम, म्हणून फ्रिंज हे नाव. निवड समिती तेव्हा नव्हती, आजही नाही. ज्याला जागा मिळते आणि खर्च झेपतो त्याने यावं. २०१९ मध्ये त्या एका शहरात ऑगस्टच्या साधारण २५ दिवसांत ३,८४१ वेगवेगळे खेळ झाले आणि तीस लाखांवर तिकिटं गेली. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, काऊगेट रस्त्यावरची ओलसर दगडी तळघरं, सगळीकडे सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत नाटकं. एका खोलीत दिवसाला आठ-आठ, दहा-दहा मंडळ्या पाठोपाठ. तांत्रिक तालमीला अख्ख्या महिन्यासाठी मिळून दोन-तीन तास मिळतात, तेही कधी अपरात्री. त्यात दिवे लावायचे, आवाजाचे क्यू बसवायचे, एंट्री कुठून ते ठरवायचं. वेळ ओलांडली तर पुढच्या मंडळीचं पोट मारल्यासारखं होतं, आणि अनेक करारांत त्यासाठी दंडही असतो.

महोत्सव शुक्रवारी रीतसर सुरू होतो. त्याआधीच्या बुधवारी-गुरुवारी तिथेच स्वस्त तिकिटाचे प्रिव्ह्यू होतात. प्रिव्ह्यूचं परीक्षण लिहायचं नाही हा समीक्षकांचा रिवाज. पण शुक्रवार उजाडला की ते वही घेऊन हजर. पहिल्या आठवड्यात छापून आलेले चार-पाच तारे महोत्सव संपेपर्यंत पोस्टरवर चिकटवता येतात. तिसऱ्या आठवड्यात नाटक कितीही सुधारलं तरी ते बघायला तो समीक्षक पुन्हा येत नाही. टॉम स्टॉपर्डचं 'रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' २४ ऑगस्ट १९६६ ला ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी एडिनबऱ्यातल्या क्रॅन्स्टन स्ट्रीटवरच्या हॉलमध्ये केलं. तो बुधवार होता. रविवारच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये रोनाल्ड ब्रायडनने त्यावर भरभरून लिहिलं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते नाटक लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये उभं होतं. चार दिवसांत एका नाटककाराचं आयुष्य फिरलं. अशी भाग्याची चार दिवसांची खिडकी जिथे असते, तिथे दुर्भाग्याचीही तेवढीच असते.

म्हणून ब्रिटनमध्ये फ्रिंजचा हंगाम ऑगस्टच्या बराच आधी सुरू होतो. लेस्टरला फेब्रुवारीत विनोदी कलावंतांचा महोत्सव भरतो, मे महिन्यात ब्रायटनचा फ्रिंज, जुलैत डर्बीशरमधल्या बक्स्टनचा. मधल्या काळात पबच्या माड्या. विनोदवीर हातात कागद घेऊन उभे राहतात, विनोद पडला की प्रेक्षकांदेखत त्यावर काट मारतात, आणि प्रेक्षक त्याला हरकत घेत नाहीत, कारण 'काम चालू आहे' हे तिकिटावरच लिहिलेलं असतं. फीबी वॉलर-ब्रिजचं 'फ्लीबॅग' २०१३ मध्ये एडिनबऱ्यातल्या अंडरबेली या नाट्यस्थळाच्या एका तळघरात गाजलं आणि पुढे टीव्हीवरून जगभर गेलं. त्याची सुरुवात होती लंडनमधल्या गोष्टी सांगण्याच्या एका रात्री केलेली दहा मिनिटं. फक्त दहा.

हे सगळं काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी दिग्दर्शक हबीब तन्वीरांचं उदाहरण काढलं.

"'चरणदास चोर' १९८२ मध्ये याच एडिनबऱ्यात गेलं आणि फ्रिंज फर्स्ट पुरस्कार घेऊन आलं. छत्तीसगढी बोलणारी, गावातली माणसं. समोरच्यांना भाषेचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी कुठल्या पबात प्रिव्ह्यू केले? सात-आठ वर्षं आपल्या माणसांत खेळले ते. मुरणं म्हणतेस ना, ते असं असतं. परक्याला काय आवडेल ते विचारत फिरणं म्हणजे मुरणं नव्हे."

"आणि काका, ते सुरू कसं झालं?"

काका थांबले. त्यांना ते ठाऊकच होतं. विजयदान देथांनी लिहिलेली राजस्थानी लोककथा. त्यावरून तन्वीरांनी शिबिरात उभं केलेलं, पुरतं न बसलेलं रूप. नावही तेव्हा 'चोर चोर'. १९७४ च्या सुमारास भिलाईत उघड्या मैदानावर, सतनामी पंथाच्या मेळ्याला जमलेल्या लोकांपुढे त्यांनी ते जेमतेम तासाभराचं करून दाखवलं. सत्याला देव मानणारा तो समाज, आणि नाटकातला चोर खरं बोलण्यापायी मरतो. तिथे लोकांनी ज्या तऱ्हेने ते उचलून धरलं त्यातून तन्वीरांना नाटकाची दिशा कळली. पुढे सतनाम्यांची पंथी गाणी नाटकाचा कणाच झाली.

"तो प्रिव्ह्यूच होता," ती म्हणाली. "नाव नव्हतं इतकंच. आणि आपले अण्णासाहेब किर्लोस्कर? ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांनी 'शाकुंतल'चे सातही अंक केले का? चारच केले. उरलेले मागाहून. आज कोणी असं केलं तर त्याला वर्क इन प्रोग्रेस म्हणतील."

"अण्णासाहेबांचे चार अंक पुरे होते, अगं. चार अंकांत जेवढं सांगायचं तेवढं बांधून सांगितलं होतं. अर्धवट आणि कच्चं यात फरक आहे."

हा फरक काकांनी बोलता बोलता केला, पण सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच. प्रिव्ह्यूला नाटक अपुरं असलं तरी चालतं. संवाद पाठ नसणं, प्रॉपर्टी सापडत नसणं, दिव्याचा क्यू कुणालाच माहीत नसणं हे चालत नाही. त्याला तालीम झालेली नाही एवढंच म्हणतात. लोकांसमोर जायचं ते ज्याची उत्तरं तालमीच्या खोलीत मिळतच नाहीत असे प्रश्न घेऊन. हसतात कुठे? कुठे मागे राहतात? शेवट त्यांना आपल्याआधी कळतो का? आणि हा सौदा प्रामाणिक राहतो तो तिकिटाच्या किमतीवर. ब्रॉडवेवर 'स्पायडर-मॅन'च्या संगीतिकेने २०१० च्या नोव्हेंबरपासून पुढच्या जूनपर्यंत तब्बल १८२ प्रिव्ह्यू केले, महागडी तिकिटं लावून. अखेर फेब्रुवारीत समीक्षकांचा धीर सुटला, त्यांनी रिवाज मोडला आणि परीक्षणं छापून टाकली. त्यांनी केलं ते योग्यच. पुरे पैसे घेणाऱ्याला अपुऱ्या कामाची ढाल घेता येत नाही. याबाबत काकांचा राग अगदी रास्त आहे.

पण पुढे बोलणं त्या संध्याकाळच्या नाटकावर आलं, आणि बाजू उलटल्या.

पहिला प्रिव्ह्यू तिने मेमध्ये ओळखीच्या मराठी मंडळींसमोर केला होता. नाटकात एक विमानतळाचा प्रसंग आहे. आजी पहिल्यांदाच लंडनला येते, तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात बांधलेली गोडा मसाल्याची पुडी, आणि कस्टमचा अधिकारी ती उघडून हुंगतो. मराठी मंडळी पुडीचं नाव निघताच हसायला लागली. अधिकाऱ्याने हुंगेपर्यंत सभागृह कोसळलं होतं. अकरा मिनिटांचा तो प्रसंग तिला नाटकाचा हुकमाचा एक्का वाटू लागला. दुसऱ्या प्रिव्ह्यूला, परक्यांसमोर, तिथे एक माणूस हसला. आज तिसऱ्याला दोघं.

"मला वाटत होतं तो विनोद नाटकाचा आहे. तो आपल्या सगळ्यांच्या आठवणींचा होता. मी पुडी म्हटलं आणि प्रत्येकाला आपापल्या आईची पिशवी दिसली. मी काही केलंच नव्हतं, काका. हे मला मेमध्ये कळलं नाही, कारण ती सगळी माझीच माणसं होती."

"मग आता काय करतेस?"

"काढते. बारातली अकरा मिनिटं तिथेच मिळतात."

आता काका खुर्चीत पुढे सरले. "का म्हणून? परक्यांना कळत नाही म्हणून? मग उद्या आजीचं मराठीही काढशील. दर प्रिव्ह्यूला लोकांना न कळणारं थोडं थोडं काढत गेलीस तर ऑगस्टपर्यंत नाटकात उरेल काय? लंडनच्या कुठल्याही बाईची कुठलीही आजी! तन्वीरांनी छत्तीसगढी सोडली का? हीच तर माझी भीती आहे. लोकांच्या प्रतिसादाने कापायला बसलं की जे आपलं असतं तेच पहिलं जातं."

ती बराच वेळ गप्प राहिली. वहीत तिने मिनिटामिनिटाला खुणा केल्या होत्या: हसू तिथे टिंब, शांतता तिथे आडवी रेघ, चुळबुळ तिथे फुली. अडतिसाव्या मिनिटाला तीन फुल्या होत्या. एकेचाळीस ते पंचेचाळीस मात्र कोरं होतं. तिथे आजी वाती वळते. चिमूटभर कापूस घ्यायचा, बोटांनी विंचरायचा, अडकलेलं सरकीचं काहीबाही काढायचं, बोटाला राख लावून पाटावर वात वळायची. एक झाली की दुसरी. चार मिनिटं एकही शब्द नाही.

"इथे काय झालं तेच मला कळलं नाही," ती म्हणाली. "कोरं आहे. दिवा माझ्या डोळ्यांत होता, लोक दिसत नव्हते. कंटाळले असतील, मला वाटतं. ही चार मिनिटं धोक्याची आहेत. शेजारच्या खोलीतलं संगीत तिथे भिंतीतून ऐकू येणार, आणि मी बोलत नाहीये."

"मी सांगतो काय झालं. मी डोळे मिटून खुर्च्या ऐकत होतो."

त्या खुर्च्या जुन्या होत्या, लाकडी, घडीच्या. माणूस जरा हलला तरी करकरायच्या. काकांनी सांगितलं की विमानतळाच्या प्रसंगात त्या सतत करकरत होत्या. आजीने पहिली वात वळली तेव्हा दोन वाजल्या. दुसऱ्या वातीनंतर शेवटपर्यंत एकही नाही. तेवीस माणसं, त्यातली बरीचशी वात म्हणजे काय हे आयुष्यात न पाहिलेली, आणि एक खुर्ची वाजली नाही. "ही शांतता तालमीत मिळत नाही," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांच्याही लक्षात आलं. तासाभरापूर्वी दार बंद करून चार जाणकार बोलवायला सांगणारा माणूस, तेवीस अनोळखी प्रेक्षकांनी दिलेला पुरावा तिच्यापुढे ठेवत होता.

त्यांना कोंडीत पकडायची संधी तिनेही साधली नाही, हे विशेष. वही पुढे ओढून तिने कोऱ्या जागेवर लांब आडवी रेघ मारली.

शेवटी जुळलं ते एवढ्यावर. वातींना हात लावायचा नाही. विमानतळाचा प्रसंग अकरावरून चार मिनिटांवर आणायचा, पण पुडी ठेवायची आणि गोडा मसाला हा शब्द मराठीतच ठेवायचा. अधिकाऱ्याची नक्कल जाणार. त्याऐवजी आजी ती वास मुरलेली पुडी पुन्हा बांधते ते सावकाश दाखवायचं. उरलेली पाच मिनिटं अडतिसाव्या मिनिटाच्या फुल्यांच्या आसपास कुठे तरी आहेत, ती बक्स्टनच्या प्रिव्ह्यूत शोधायची. काकांना विमानतळाची काटछाट अजूनही मान्य नाही. जिने उतरतानाही ते तिला सहा मिनिटं ठेव असं सांगत होते.

या वादात प्रिव्ह्यू हवेत की नकोत याचं उत्तर अभिनेत्रीच्या बाजूने द्यावं लागेल. २५ दिवसांच्या महोत्सवात परक्या डोळ्यांसमोर न गेलेलं नाटक नेणं म्हणजे स्वतःचे पैसे आणि नाटक बघायला आलेल्या माणसाचा तास, दोन्ही वाया घालवणं. मात्र प्रिव्ह्यूतून काय कापायचं याचा निर्णय प्रेक्षकांवर सोपवायचा नसतो, हे काकांचं म्हणणं तितकंच खरं आहे. प्रेक्षक कुठे दुखतंय ते सांगतात. औषध त्यांना माहीत नसतं. आणि आपल्या माणसांसमोरचा प्रिव्ह्यू कितीही सुखाचा असला तरी तो मोजायचा नाही, हे तर दोघांनीही मान्य केलं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांच्या गावातही मे ते जुलै अशा माड्यांवर, ग्रंथालयांच्या मागच्या खोल्यांत पाच-सात पौंडांत प्रिव्ह्यू होत असतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना पुण्या-मुंबईतल्या छोट्या नाट्यगृहांत नव्या मंडळींचे पहिले प्रयोग बघता येतात. जरूर जावं. तिकीट काढून जावं, वेळेआधी पोचावं, नटाच्या ओळखीतले असाल तर मागच्या रांगेत बसावं. आणि हसू आलं नाही, तर त्याच्या प्रेमापोटीसुद्धा हसू नये.